एक जूनच्या दोन शकु

धाकू तेंडोलकर वारले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ते सुयोगला पहिल्यांदा ओरडले ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. स्क्रीनवर, लाल अक्षरांत आणि चक्क मालवणीत: ‘कोण रे तो? तारीख उलटी वाचतंस. आधी च्या पी, मगे बघ.’

सुयोगच्या हातातला पेला तसाच अधांतरी राहिला. चहाच पीत होता तो.

आता हे काय प्रकरण, ते नीट सांगायला हवं. सुयोग घाडी राहतो कांदिवलीला आणि कामाला अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा कंपनीत. डायलिसिस केंद्रांना लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी करते: कुठल्या पेशंटचा कुठला वार, कितीची वेळ, कुठलं मशीन. किडनी गेलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घ्यावं लागतं. एक पाळी चुकली की अंगात पाणी चढतं, दोन चुकल्या तर काही सांगता येत नाही. तर हे सॉफ्टवेअर म्हणजे एकेचाळीस पॅकेजं, सुटे सुटे तुकडेच म्हणा ना, आणि त्या सगळ्यांच्या पायाशी परदेशातल्या कुणी फुकट वाटलेली एक लायब्ररी. नाव आणि जन्मतारीख बघून पेशंट ओळखायचं काम तिचं. तिचं मोठं नवीन व्हर्जन आलं आणि जुन्याला वाली उरला नाही. सगळी पॅकेजं नव्यावर न्यायचं काम सुयोगच्या गळ्यात पडलं. मुदत शुक्रवारची.

त्यातली बरीचशी धाकूकाकांनी लिहिलेली. काका मूळचे कुडाळकडचे. गिरणीत बदली कामगार होते, गिरणी बंद पडली तसे तिसाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले. शिकवणारा मुलगा त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तो वर्गात शिरला की हे एकटेच उठून उभे राहत, आणि तो बिचारा लाजून रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायला लागला, काकांना उठावंच लागू नये म्हणून. अशा माणसाने पुढे याच कंपनीत सुयोगला हाताला धरून शिकवलं.

काका प्रत्येक पॅकेजला टेस्ट लावून ठेवत. टेस्ट म्हणजे खोटे पेशंट घालून घेतलेली परीक्षा. नापास झाली की लाल ओळ उमटते. बाकीचे लोक त्या ओळीत काहीतरी दोन शब्द टाकून मोकळे होतात. काका तिथे दम भरून ठेवत. नऊ वर्षं एकही टेस्ट नापास झाली नाही, म्हणून ते दम कुणाच्या नजरेसच पडले नाहीत. नव्या व्हर्जनने इथे तिथे मोडतोड केली, आणि गेलेला माणूस एकेक करून बोलायला लागला.

बुधवारी सहा वेळा बोलले. ‘नाव रिकामा ठेवून खय चललंस?’ ‘मेल्या, परत तीच चूक?’ सुयोग दुरुस्त करी, ओळ हिरवी होई, आणि पुढच्या पॅकेजात काका आधीच येऊन बसलेले असत. संध्याकाळपर्यंत तो ‘हो काका, करतो’ असं उघड बोलायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हळूच आपली खुर्ची सरकवली.

गुरुवारी शेवटचं पॅकेज काढलं. लाल ओळ आली.

‘सुयोगा, थांब. ही दोन माणसा आसत. एक करू नको. माझ्या हातून एकदा झाला हा.’

नावानिशी! हे काम पुढेमागे कोण करील, हे काकांनी कधीच ओळखलं होतं. टेस्टमध्ये दोन पेशंट होते. शकु कांबळे, एक जून एकोणीसशे साठ. आणि पुन्हा शकु कांबळे, एक जून एकोणीसशे साठ. जुनं व्हर्जन अशा वेळी थांबून विचारी; नव्याचा नियम असा, की नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. ते स्वतःहून दोघींची एक करी आणि एकीची पाळी पुसून टाकी.

टीमचा प्रमुख प्रीतम मागे येऊन उभा राहिला. “टेस्ट उडव ना यार. एवढं तंतोतंत सारखं असतं का कधी?”

“माझ्या बाबांचा वाढदिवस एक जून,” सुयोग म्हणाला. “सख्ख्या काकाचा एक जून. आत्याचाही.”

“तिळे का रे?”

प्रीतमचा जन्म बोरिवलीच्या नर्सिंग होममधला. त्याला काय ठाऊक! गावातल्या शाळेत जूनला नाव घालायचं, पोराला सहा वर्षं पुरी हवीत, आणि आईला आठवतंय एवढंच, की तेव्हा भात कापणी चालली होती. गुरुजी टाक बुडवून लिहीत, एक जून. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि पेढा मात्र एकाच्याही घरी नाही. ज्या बायका शाळेत गेल्याच नाहीत त्यांनाही पुढे कार्ड काढताना तीच तारीख चिकटली.

“उद्या संध्याकाळी पाठवायचंय हां,” प्रीतम म्हणाला. “वाट लागेल नाहीतर.”

शुक्रवारी सकाळी सुयोग ऑफिसला न जाता मुलुंडच्या केंद्रावर गेला. तिथल्या पद्मजा सिस्टर काकांना ओळखत होत्या. ‘माझ्या हातून झालं’ म्हणजे काय, एवढंच त्याने विचारलं.

सिस्टरांनी हातातली फाइल मिटली. “राधा पवार दोन होत्या. काकांच्या पहिल्या प्रोग्रॅमने एकच ठेवली. दुसरी गुरुवारी आली, यादीत नाव नाही म्हणून मी परत पाठवली. मीच. ‘बरं ताई, शनिवारी येते’ म्हणाली.” त्यांनी फाइल बाजूला ठेवली. “शनिवारी तिचा मुलगा आला. सांगायला.”

“आणि काका?”

“दर गुरुवारी रजा टाकून यायचे. ह्या बाकावर बसून नावं ऐकायचे. अजून कधी कधी मी नावं पुकारताना आवाज चढवते हो. बाकावर कुणीच नसतं.”

सुयोग नेमका त्याच बाकावर बसला होता. उठावंसं वाटलं, उठवेना.

“शकु कांबळे आहेत इथं?”

“आहेत की, दोन. गुरुवारच्याच दोघी.”

दुपारी त्याने प्रीतमला सांगितलं. टेस्ट राहणार. दोघांना एक करायचं बंद, केंद्राने दिलेल्या नंबरावरूनच पेशंट ओळखायचा, आणि त्यासाठी सगळी पॅकेजं पुन्हा उघडायची. तेरा दिवस.

“तेरा? क्लायंटला काय सांगू, भुताने अडवलंय?”

“सांग, सुयोगने अडवलंय.”

“नाव लिहितो मग तुझं. काय झालं तर तुझ्यावर.”

“लिही.”

तेराव्या दिवशी, गुरुवारी, नवं व्हर्जन मुलुंडला सुरू झालं. त्या तेरा दिवसांत सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या होत्या आणि काका पूर्ण गप्प झाले होते. त्या गप्प बसण्याचीच सुयोगला जास्त भीती वाटत होती. टेस्टमधल्या शकु खोट्या. खऱ्या आता समोर बसलेल्या. एक ठेंगणी, निळ्या लुगड्यातली. दुसरी उंच, हातात वायरची पिशवी.

“शकु कांबळे!” सिस्टरांनी पुकारलं. निळं लुगडं उठून आत गेलं.

मग दुसरी नावं झाली. एक, दोन, पाच. उंच म्हातारी पिशवीच्या वायरी मोजल्यासारखी चाचपत बसून होती. यादी संपत आली असावी. सिस्टरांनी पान उलटलं.

“शकु कांबळे!”

म्हातारी हललीच नाही.

“आजी, तुम्हाला बोलावतायत,” सुयोग म्हणाला.

“मला नाय रं. ती शकु गेली की मगाशीच आत.”

“ती तिची पाळी. ही तुमची. उठा.”

म्हातारीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, त्याच्या खांद्यावर भार देऊन उठली आणि पाय ओढत मशीनकडे गेली. आतून रक्तदाबाचा पट्टा आवळल्याचा आवाज आला, यंत्र सुरू झालं. सुयोग पिशवी दोन्ही हातांनी धरून बसून राहिला. म्हातारीच्या पाळीचे चार तास संपेपर्यंत ती कुणीतरी सांभाळायला हवीच होती.