पाव तासाची विश्रांती

वैशाखात अमरावतीला दुपारी तीनच्या सुमारास शेजारचा कूलर एकाएकी गप्प होतो. मोटर जळालेली नसते, मालकाने तिला विश्रांती दिलेली असते. ओल्या वाळ्याचा वास भिंतीवरून येत राहतो, वारा मात्र थांबतो, आणि घरातली माणसं घाम पुसत पाव तास मोटरीच्या प्रकृतीला जपतात. ऊन यंत्राला माणसाहून अधिक बाधतं, अशी वऱ्हाडात आमची समजूत आहे. पाण्याचा पंप, स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना ही सवलत मिळते. तो वास आला की मला अकोल्याच्या आमच्या शाखेतल्या एक बाई आठवतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, आणि शाखेतल्या सगळ्यांहून जलद टंकलेखन करणाऱ्या.

आमच्या खात्याचा मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर पसरलेला संगणक, मुंबईला होता. त्या एका यंत्रात प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी एकेक आभासी यंत्र उभं राही, आणि अकोल्यात पडद्यापुढे बसलेल्याला वाटे, पलीकडचा सगळा कारभार आपल्या एकट्यासाठीच आहे. जुने टर्मिनल काढून त्यांच्या जागी नवे पीसी आले, तेव्हा कार्यालयात समारंभ झाला. नारळ फुटला, झेंडूचा एक हार कीबोर्डलाही मिळाला, आणि शाखाधिकारी गतिमानतेवर इतका वेळ बोलले की पुढच्या रांगेतल्यांची गती पार थंडावली. प्रशिक्षण त्यामानाने थोडक्यात उरकलं. त्यातलं एक वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवलं: काही अडलं तर मशीन बंद करा, पुन्हा चालू करा.

आठवडाभरात बाईंचं काम नाहीसं होऊ लागलं. अर्धा दिवस खपून भरलेले तक्ते दुपारी गायब. पहिल्यांदा त्यांनी मुकाट्याने पुन्हा भरले, तिसऱ्यांदा साहेबांच्या कानावर गेलं. साहेबांनी त्यांच्या गोपनीय अहवालात लिहायचा शेरा तयारच केला, 'संगणक हाताळण्यास असमर्थ', आणि पातूरच्या आवक-जावक टेबलावर बदलीचा प्रस्तावही जोडला. तो पाठवण्याआधी तांत्रिक माणसाचं मत हवं, म्हणून अमरावतीच्या तांत्रिक विभागातून मला बोलावलं. मत काय असावं, हेही साहेबांनी चहाबरोबरच सुचवलं.

मी बाईंच्या मागे खुर्ची टाकून बसलो. हात पाहण्यासारखा होता. मधेच त्यांना आधीचं पान पाहावंसं वाटलं, आणि ज्या कळीवर 'पेज अप' छापलं होतं ती त्यांनी भाबडेपणाने दाबली. पडदा कोरा झाला, खाली उजव्या कोपऱ्यात दोन इंग्रजी शब्द उमटले. बाईंनी शांतपणे पीसी बंद केला आणि पदर खोचत उठल्या.

"तापली असन थे. पंधरा मिन्टं राहू द्या तिले," त्या म्हणाल्या, आणि मला चहा विचारला.

सगळा घोटाळा त्या चहात होता. मेनफ्रेमच्या भाषेत एक कळ अशी असते की ती दाबली, की तुमचं काम जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही थेट सगळी आभासी यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रक प्रोग्रामसमोर उभे राहता; कोपऱ्यातले ते दोन शब्द त्याचेच. नव्या पीसींची मांडणी करताना आमच्याच विभागाने ती 'पेज अप'वर नेऊन बसवली होती. थांबलेलं काम एका शब्दाने पुढे सुरू झालं असतं. पण जोडणी तुटली, की मुंबईचं यंत्र बरोबर पंधरा मिनिटं वाट पाही आणि मग ते आभासी यंत्र आतल्या कामासकट मोडून टाकी. बाईंनी लगेच पीसी लावला असता तर तक्ते तिथेच सापडले असते. त्या विश्रांती देत होत्या, म्हणून ते मरत होते.

उपाय एका ओळीचा होता. कळ रद्दच करून टाकतो, मी म्हणालो. बाईंनी मान हलवली.

"रद्द नोका करू, भाऊ. भलतंच काही सुरू झालं त थांबवाचं कसं? दुसरीकडं ठिवा."

हे आमच्या विभागात कोणाला सुचलं नव्हतं. मी ती कळ वरच्या ओळीच्या टोकाला नेली आणि बाई कामाला बसल्या की यंत्र जी फाईल आधी वाचतं, तिच्यात तशी ओळ घातली. मग अहवाल लिहायला घेतला. मांडणी सदोष होती, कर्मचाऱ्याची चूक नाही, असं लिहून बाईंना वाचायला दिलं. मला वाटलं, त्या सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"दाबली त म्याच होती. थे बी लिवा."

मी म्हणालो, बाई, साहेब नेमकं तेच वाक्य उचलतील. त्या म्हणाल्या, उचलू द्या. खोटं लिहून आलेला चांगला शेरा त्यांना नको होता. मग मी लिहिलं, 'कळ त्यांनी दाबली. ती तिथे आम्ही ठेवली होती.' साहेबांनी दोन्ही वाक्यं वाचली. दुसरं वाक्य आमच्या विभागावर येत होतं, आणि मांडणीला मंजुरी देणारी सही त्यांचीच होती. शेरा गेला नाही, बदलीही झाली नाही. बाई त्याच टेबलावरून निवृत्त झाल्या.

ती शाखा पुढे दुसऱ्या इमारतीत गेली, मी खातं सोडलं. आता घरी बसून परमुलखातल्या मेनफ्रेमची देखभाल करतो. तिथल्या फायलींत कधी एखादी अशीच विचित्र ओळ भेटते, कोणी आणि का घातली याचा कुठे उल्लेख नसतो. नव्या दमाचे सहकारी ती काढून टाकायला निघतात. मी त्यांना आधी विचारायला सांगतो, या टेबलावर कोण बसत होतं? बहुतेकदा ते कोणालाच माहीत नसतं. मग ओळ राहते.