मावशींच्या गल्लीतली बेकरी

शिकागोच्या आमच्या डेव्हन ॲव्हेन्यूचं एक बरं आहे. एका टोकाला आपली साड्यांची, मिठाईची दुकानं, आणि तसंच पश्चिमेकडे चालत राहिलं की ज्यू लोकांची वस्ती. मी राहते मधोमध, त्यामुळे दोन्हीकडचे वास माझेच. समोरच्या फ्लॅटमध्ये नव्वदी ओलांडलेल्या एक ज्यू बाई आहेत. त्यांना मी मावशी म्हणते. त्या मला 'मेडेले' म्हणतात, म्हणजे पोरी. शहात्तराव्या वर्षी पोरी म्हणणारं दुसरं कोण उरलंय हो मला!

मावशींचे वडील पोलंडमधल्या एका लहानशा गावात फोटोग्राफर होते. लग्नं, बाजार, नदीवर कपडे धुणाऱ्या बायका, सगळं टिपायचे. लढाईच्या आधी त्यांनी बायकोला आणि मुलीला इकडे पाठवलं. स्वतः मागून येणार होते. आले नाहीत. फोटोही तिकडेच राहिले. मावशींजवळ उरली ती डोळे मिटल्यावर दिसणारी एक गल्ली. घरातून निघायचं, उजव्या हाताला बेकरी, डावीकडे शिंपी, पुढे विहीर. त्या सांगायला लागल्या की पावाचा वास यायचा मला, खरंच. चहा गार व्हायचा दोघींचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नातीला ऑनलाइन, कुठल्याशा संग्रहात, त्याच गल्लीचा फोटो सापडला. वडिलांनीच काढलेला. तिनं प्रिंट आणून दिला. मी कौतुकानं बघायला गेले, तर मावशींचा चेहरा उतरलेला.

"बेकरी डावीकडे आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी बघत आले ते खोटं? मग पप्पांचा चेहरा तरी खरा कशावरून?"

मी फोटो खिडकीपाशी नेला. माझ्या सासऱ्यांचा मिरजेला स्टुडिओ होता, तिथे बघूनबघून मी रिटचिंग शिकले होते. शर्टाचा खिसा उजवीकडे दिसला की समजायचं, निगेटिव्ह उलटी लागली. फोटोतल्या दुकानांच्या पाट्या पार पुसट होत्या. पण शिंप्याच्या दारातल्या माणसाच्या लांब कोटाची बटणं स्पष्ट दिसत होती, अगदी बायकांच्या कोटासारखी, भलत्याच बाजूला.

"मावशी, प्रिंट उलटा छापलाय!"

त्या दिवशी त्यांनी माझ्या दोन चकल्या खाल्ल्या, दातांची पर्वा न करता.

शनिवारी भाजी आणायला निघाले. सिग्नलला माझ्या शेजारी काळ्या लांब कोटातले चार-पाच ज्यू पुरुष उभे होते, प्रार्थनेला निघालेले. सहज लक्ष गेलं. सगळ्यांची बटणं बायकांसारखी. त्यांच्यात कोट असाच शिवतात! म्हणजे फोटो सुलटाच होता.

भाजी तशीच राहिली. मावशींचं दार वाजवलं. सांगायला तोंड उघडते तोच त्या म्हणाल्या, "बरी आलीस. थांब दारातच, तुला माझी गल्ली दाखवते."

आणि वॉकर घेऊन त्या आतल्या कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या, डोळे मिटले, आणि माझ्या दिशेनं यायला लागल्या. खिडकीतून बर्फाचा उजेड येत होता. त्यात त्या इतक्या लहान दिसत होत्या!

"हा शिंपी," डावा हात हलला. "आणि ही बेकरी." उजवा हात भिंतीला लागला.

ती भिंत माझ्या डाव्या हाताला होती.

मी दाराजवळच्या टेबलावरचा फोटो उचलला, त्यांच्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं. "मावशी! प्रिंट सरळच आहे, चूक माझी. पण तुमचंही बरोबर आहे. पप्पा इकडे उभे होते, माझ्या जागी. तुम्ही समोरून येताय!"

त्या थांबल्या. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांच्याकडेच चालत यायचे."

"हो."

"मेडेले, तिथेच उभी राहा. हलू नकोस."

त्या पुन्हा टोकाला गेल्या. मी दारात, कॅमेऱ्यातून बघावं तशी एक डोळा मिटून उभी राहिले, आणि शिंप्यावरून, बेकरीवरून, त्या सावकाश माझ्याकडे यायला लागल्या.