तीन टक्क्यांची बरकत

यामनाविषयी लिहावयाचे, तर आरंभ भट्टीपासूनच करावा लागतो. तेत्वानच्या आमच्या गल्लीत कणीक घरोघरी मळली जाते. पाव मात्र बा अल्लालच्या भट्टीत भाजला जातो. यामना तेथे एकोणीस वर्षे राबली. फळीवरचा कोणता पाव कोणाच्या घरचा, हे ती कडेच्या चिमटीवरून ओळखते. बा अल्लाल थकले आणि भट्टीची किल्ली, म्हणजे ती चालविण्याचा हक्क, विकावयास निघाले. एक फरशीवाला तेथे दुकान थाटण्यास टपलेला होता.

"रमजान लागेपर्यंत तुझ्यासाठी थांबतो, यामना," बा अल्लाल म्हणाले. "पुढे मला विचारू नकोस."

यामनाजवळ रोकड नव्हती, परंतु स्पेनमध्ये घर होते. तिचे पती बूझियान अल्मेरियाच्या हरितगृहांत टोमॅटो तोडीत असत. भाव चढलेले असताना त्यांनी तेथे शहाण्णव हजार युरोंना फ्लॅट घेतला. ते वारले आणि भावही उतरले. जून महिन्यात यामना एकटी बोटीने गेली आणि साठ हजारांना फ्लॅट विकून परतली. त्यातून बँकेचे राहिलेले कर्ज गेले, दलाली गेली, वकिलाची फी गेली. घर किती वीज खाते, याचाही दाखला पैसे भरून घ्यावा लागला.

"तीन वर्षं तिथं दिवा लागला नाही," ती आम्हांला म्हणाली. "खाल्लं काय त्या घरानं? काळोख?"

मी विचारले, "आणि कर?"

"कर नाही गं. पण ती माणसं किती रीतीची! घेणाऱ्यानं शंभरातले तीन स्वतःकडे ठेवून घेतले."

"म्हणजे अठराशे युरो?"

"बरकत! मला वाटायचं, ही रीत आपल्याच बाजारात आहे. सौदा झाला की विकणाऱ्यानं थोडं परत द्यायचं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, लखलाभ होवो. त्याच्या बायकोच्या कपाळाचा मुकासुद्धा घेतला. बाई रडायलाच लागली!"

नोटरीने त्या तीन टक्क्यांचा म्हणून हातात दिलेला कागद तिने न वाचताच घडी करून ठेवला. वाचता येतच नव्हते; विक्रीवर तिने अंगठा उठविला होता. घरी येऊन हिशेब केला, तेव्हा किल्लीला अठरा हजार दिरहम, म्हणजे जवळपास तेच अठराशे युरो, कमी पडले. तरीही ती म्हणाली, "दिलेली बरकत मोजायची नसते."

सप्टेंबरअखेर मशिदीतला आमचा अक्षरवर्ग पुन्हा सुरू झाला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षिका इख्लास वह्या तपासू लागल्या. यामनाने वहीऐवजी एक कागद पुढे केला. त्यावर तिने स्वतःचे नाव अकरा वेळा लिहिले होते. इख्लासबाईंनी तो उलटला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांना स्पॅनिश येते.

"यामनाबाई, हे काय आहे?"

"माझं नाव, बाई."

"दुसऱ्या बाजूला?"

"ते बरकतीचं."

"अहो, कसली बरकत! ही रक्कम त्या माणसानं तुमच्या नावानं कर-कचेरीत भरलीय. विकणारा दुसऱ्या देशात राहत असेल, तर तो कर न भरता निघून जाईल, म्हणून ती आधीच कापून ठेवतात. कर लागतो नफ्यावर. तुम्हांला नफा झाला का?"

"छत्तीस हजारांचा खड्डा पडला!"

"मग सगळे परत मिळायला हवेत. नगरपालिकाही जमिनीचा भाव वाढला तरच कर घेते, तोही तुम्हांला नाही. मात्र विक्रीपासून चार महिन्यांच्या आत मागावं लागतं."

साऱ्या वर्गाने बोटांवर दिवस मोजले. बारा उरले होते.

"म्हणजे मी त्या परक्या बाईचा मुका फुकटच घेतला?" यामना म्हणाली.

वर्ग असा हसला की, शेजारच्या खोलीतली मुले दाराशी जमली. मला स्वतःला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

इख्लासबाईंनी त्याच दिवशी अल्मेरियाच्या वकिलाला फोन केला. यामनाने खरेदीखत आणले व कागदाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठविली गेली. वकिलाने विचारले, "मागे अकरा सह्या कोणाच्या?"

"एकाच मालकिणीच्या!" आम्ही सर्वजणी एका सुरात ओरडलो.

अर्जावर अंगठ्याची जागा यामनाने दाखवू दिली नाही. जीभ दातांत धरून तिने बाराव्यांदा नाव लिहिले. शेवटचे अक्षर रेघेबाहेर गेले. ते तसेच राहू दिले.

रमजानला नऊ दिवस असताना स्पेनहून पैसे परत आल्याचा निरोप बँकेतून आला. यामना पिठाच्या हातांनीच बँकेत गेली आणि किल्लीची सारी रक्कम घेऊन गल्लीतून धावत सुटली, आणि मी गुडघे दुखत असूनही तिच्यामागून धावले. फरशीवाला भट्टीच्या दारात फूटपट्टी घेऊन उभा होता. यामनाने त्याला वळसा घालून पैसे बा अल्लालपुढे ठेवले.

बा अल्लालनी कंबरेची किल्ली सोडून तिला दिली. मग रीतीप्रमाणे त्या गठ्ठ्यातून दोनशे दिरहम काढून तिच्या तळहातावर ठेवले.

यामनाने नोट उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"बा अल्लाल, आधी सांगा," ती म्हणाली, "यामागं लिहिलंय काय?"