खोडलेला नंबर

आमची मोटारसायकल सरकारने पास केली, त्या दिवशी मी जळगावच्या कचेरीबाहेर भर उन्हात ढसाढसा रडले. दुःखाने नाही हो, सुटलो म्हणून! येणारेजाणारे थांबून विचारत होते, बाई, कोणी गेलं का? मी म्हटलं, गेलं नाही कोणी, जाणारा होता तो राहिला. त्यांना काय कळणार कपाळ! तुम्हाला पहिल्यापासून सांगते, पण मध्ये बोलायचं नाही.

आमचे हे जामनेरला कापसाच्या जिनात फिटर होते. बंद यंत्राला कान लावून कुठे दुखतंय ते सांगायचे. एकोणपन्नास साली जिनाच्या पट्ट्यात डावा पाय सापडला. पाय राहिला, पण चार बोटं आखूड झाला. मालक म्हणाले, बरे झालात की या. बरे होऊन गेले, तर जागेवर दुसरा माणूस. आमच्या गावी, पहूरला, घरची शेती होती, ती दिरांच्या हाती. आखूड पायाचा माणूस वखरामागे किती चालणार? मग हे विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायला लागले. तेव्हा आमच्याकडे केळीच्या बागांवर इंजिनं नवीनच आलेली. ऐन उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं की बाग माना टाकायची, म्हणून बोलावणी पुष्कळ यायची. पण जायचं कसं? त्या पायाने सायकल मारता येईना, आणि बैलगाडीतून पोहोचेपर्यंत शेतकऱ्याने दुसऱ्या कोणाला आणलेलं असायचं. अख्खा गाव मिस्तरी मिस्तरी म्हणायचा आणि मिस्तरी ओट्यावर बसून पाने-पकडी पुसायचा. मला बघवायचं नाही.

एक दिवस म्हणाले, "आपल्याला मोटारसायकल पाहिजे."

"विमानच घ्या की," मी म्हटलं. "मोटारसायकलीवर कशाला भागवता?"

ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही ह्यांची जुनी खोड. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगू, ह्यांना नवी नकोच होती. लढाई संपल्यावर मिलिटरीचा माल भुसावळला लिलावात निघाला होता. आमच्या मुलखातल्या लोकांनी गाड्या भरभरून लोखंड नेलं आणि ज्याला जे सुचलं ते त्याचं केलं. हे म्हणायचे, "अगं, एक अख्खी मोटारसायकल ह्या खान्देशात सुटी होऊन पडलीय. फक्त गोळा करायचीय."

आणि केली हो गोळा! तीन वर्षं केली. भुसावळला रेल्वेच्या कॉलनीत एका इंजिन ड्रायव्हरच्या परसात गाडीचा सांगाडा होता, त्यावर कोंबड्या बसायच्या. ह्यांनी त्याच्या बायकोचं शिवणयंत्र नीट करून दिलं आणि कोंबड्या उठवून सांगाडा आणला, कागदासकट. आमच्याच गावच्या दुकानदाराकडे पेट्रोलची टाकी निघाली, त्यात तो घासलेट साठवायचा. त्याला दोन डबे देऊन ती घेतली. जामनेरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाला बसायला जे काय ठेवलं होतं, ती गाडीची सीट निघाली! दाढी करता करता हे खालून चाचपून बघत होते म्हणे. न्हावी म्हणाला, मिस्तरी, मला खुर्ची करून दे आणि घेऊन जा. बाजाराला गेले की भाजी राहायची आणि पिशवीतून नटबोल्ट यायचे.

पुढच्या चाकासाठी धुळ्याला गेले, तेव्हा माझं माहेरचं तांब्याचं घंगाळ बरोबर गेलं. मला न विचारता! तिथला भंगारवाला म्हणाला म्हणे, "बठ्ठा माल मिलिटरीना शे भाऊ, दखी ल्या." ह्यांनी दखलं, सगळा माल मिलिटरीचाच, आणि घंगाळ देऊन चाक आणलं. मी चार दिवस बोलले नाही. ह्यांना ते पाचव्या दिवशी कळलं.

राहिलं इंजिन. ते शेंदुर्णीच्या सुपडूभाऊंकडे होतं. त्यांनी लिलावात घेतलं होतं कडबा कापायच्या यंत्राला जोडायला, पण ते काही जमलं नाही. त्याच्या बदल्यात माझी दुभती शेळी गेली. सुपडूभाऊ मात्र सज्जन माणूस. लिलावाची चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती, इंजिनाचा नंबर लिहिलेली, तीही दिली. मी म्हटलं, चिठ्ठी काय पाण्यात घालून पिऊ? पोरांना दूध कुठून देऊ?

असं माझं तोंड तीन वर्षं सुरू होतं, खोटं कशाला बोलू. पण त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी अंगणात ती गाडी जी धडधडली, की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. निम्मा गाव दारात. डाव्या पायाने ब्रेक दाबता येत नाही म्हणून ह्यांनी तो हाताशी आणला होता, विहिरीवरच्या इंजिनाचा एक दांडा वाकवून. गाडीवर बसले तेव्हा कोणाला कळलंही नसतं की ह्या माणसाचा एक पाय आखूड आहे. मला कसंसंच झालं. इतकं टाकून बोलले मी ह्या माणसाला! त्यांच्या गाडीसाठी आपणही काहीतरी करावं, असं मनात आलं आणि तिथेच घात झाला.

गाडी रस्त्यावर काढायची तर आधी जळगावला गाड्या तपासणाऱ्या साहेबाकडून पास करायला हवी होती. त्याचा अर्ज द्यायला हे गेले. मागे घरी आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे दिवस, लेकीबाळींना द्यायची भांडी निघालेली, म्हणून भांड्यांवर नावं घालणारा झिपरू गल्लीत आला. आमच्यात रीतच आहे, दुसऱ्याचं भांडं घरात आलं की आधी त्यावरचं नाव बदलायचं. नाहीतर लग्नाकार्यात भांडी एकमेकांत मिसळतात आणि मूळचा मालक नाव दाखवून हक्क सांगतो. झिपरू जुनं नाव घासून काढत नसे, त्याने भांडं पातळ होतं. जुन्या नावावर आडवी टिंबांची रेघ ठोकायची आणि खाली नवं नाव घालायचं, ही त्याची पद्धत.

मी इंजिनाकडे बघितलं. त्यावर कोणाची तरी अक्षरं ठोकलेली. मी अंगठाबहाद्दर, मला काय ठाऊक ते नाव आहे की नंबर? मनात म्हटलं, शेळी माझी गेली आणि नाव दुसऱ्याचं? झिपरूला म्हटलं, "हे खोड. आणि ह्या हंड्यावर आहे तेच नाव खाली घाल." तोही शहाणा! बाई सांगतेय म्हटल्यावर बसला ठोकत. आणि काय सुरेख घातलं नाव, बाजूला बारीक वेलबुट्टी काढून. मी वर हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी हे आले. मी हौसेने दाखवलं. हे खाली वाकले आणि तिथेच मातीत बसले.

"वच्छे, हे काय केलंस गं?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात सांगितलं, की इंजिनाचा नंबर हीच गाडीची ओळख. तो खोडलेला असला की सरकार समजतं गाडी चोरीची. गाडी जप्त होते आणि माणूस आत जातो. मागच्याच महिन्यात एकाला असंच चौकीत बसवलं होतं. तीन वर्षांची मेहनत, पोटापाण्याची एवढी एकच आशा आणि वर हा भला माणूस तुरुंगात, ते सगळं माझ्या हौसेपायी.

"जायचंच नाही जळगावला," मी म्हटलं.

"पास केल्याशिवाय ती हलवता येत नाही. अर्ज दिलाय, तारीख लागलीय. आणि हे बघ, कोणी विचारलं तर मी खोडला म्हणून सांगणार. तू मध्ये पडायचं नाहीस."

तारखेच्या आदल्या दिवशी पहाटे गाडी दिरांच्या बैलगाडीत चढवली. मोटारसायकल बैलगाडीत बसून पास व्हायला निघालेली बघून रस्त्याने लोक हसत होते. एरवी मीही हसले असते. मला घरी राहा म्हणाले होते, मी ऐकलं नाही. चाळीस मैल असते तरी गेले असते.

कचेरीच्या आवारात झाडाच्या सावलीत साहेब टेबल टाकून बसले होते, किडकिडीत, चष्मेवाले. शेजारी पोलीस वही घेऊन. ह्यांचं नाव पुकारलं. गाडी उतरवली, सुरू केली, साहेबांनी ह्यांना आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या. दिवा बघितला, भोंगा वाजवला. हातातला ब्रेक बघून म्हणाले, "हे कोणी केलं?" हे म्हणाले, मीच. साहेब म्हणाले, "छान केलंय." मला वाटलं, निभावलं! आणि साहेब इंजिनाशी वाकले.

बराच वेळ वाकलेले होते. उठले ते दुसराच चेहरा घेऊन.

"नंबर कोणी खोडला?"

"मीच, साहेब."

"तुम्ही फिटर ना? नंबर म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाही?"

ह्यांनी कळतं म्हणून मान हलवली. "कळतं ना? मग कळत असून खोडला," साहेब म्हणाले आणि पोलिसाकडे वळले. पोलिसाने वही मिटली, उठला आणि ह्यांच्या दंडाला हात घातला.

मग मला कुठला दम! बैलगाडीजवळून धावतच गेले. "खोटं बोलतोय हा माणूस! साहेब, त्यांना जन्मात खोटं बोलता आलेलं नाही, आजच शिकलेत! मी खोडला. मी!" आणि झिपरू, आखाजी, हंडा, शेळी, सगळं एका दमात सांगून टाकलं. हे "वच्छे, वच्छे" करत होते, मी लक्षच दिलं नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. पातळ कागद मागवला, नंबरावर धरला आणि वरून शिसपेन्सिल घासली. टिंबांच्या रेघेखालून एकेक आकडा कागदावर उमटत गेला. सुपडूभाऊंची चिठ्ठी शेजारी धरून त्यांनी सगळे आकडे दोनदा ताडून बघितले. मी देवाचं नावही विसरले होते.

"नंबर जुळतो," साहेब म्हणाले. "पण तो खोडला कोणी आणि का, ह्याचा जबाब लागेल. बाई, तुमचा. तुमच्याच तोंडून. पोलीस लिहून घेईल. खाली कोणाचं नाव घालायला सांगितलं?"

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे? पूर्ण नाव सांगा."

अगं बाई! आता कसं सांगू? आमच्या वेळी नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करायचं, असं मनात पक्कं. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हाही मी पदर तोंडात धरून नुसते ओठ हलवले होते. डोक्यावरचं ते झाड, सगळा गाव त्याला निंब म्हणतो, मी उभ्या जन्मात कडू झाड म्हणत आले. आणि पूर्ण नाव म्हणजे मामंजींचंही आलं, ते तर मी मनातसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

हे म्हणाले, "साहेब, मी सांगतो ना. अर्जावर आहेच की."

"तुम्ही गप्प राहा. जबाब त्यांचा आहे. नाव आलं नाही तर जबाब नाही, आणि जबाब नाही तर मला गाडी ठेवून घ्यावी लागेल. तुम्हालाही."

ह्यांच्याकडे बघितलं. ते खाली मान घालून त्या आखूड पायाकडे बघत होते. मनात म्हटलं, नाव न घेऊन ह्यांचं आयुष्य तुरुंगात वाढवू की काय? डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं. मोठ्याने म्हटलं. अख्ख्या कचेरीने ऐकलं.

"निंबा चुडामण पाटील."

पोलिसाने लिहून घेतलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "पाटील, चोर काही चोरीच्या मालावर स्वतःचं नाव घालून वेलबुट्टी काढत नाही." आणि सही केली.

मग मी बाहेर जाऊन रडले, ते सांगितलंच. ती गाडी पुढे सतरा वर्षं चालली. हे अजिंठ्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत कुठल्या कुठल्या बागांवर जाऊन आले, आणि कुठलं काम परत गेलं नाही.

पण त्या दिवशीचं राहिलं सांगायचं. दीर बैलगाडी घेऊन मागून आले आणि मी पहिल्यांदा ह्यांच्या मागे बसले, डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी सदरा धरून. जळगाव मागे पडलं. दोन्हीकडे रानं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ह्यांनी गाडी हळू केली आणि मान न वळवता म्हणाले,

"वच्छे, पुन्हा एकदा म्हण ना."

"रस्त्याकडे बघा," मी म्हटलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "एकदाच. तीन वर्षं शिव्या ऐकल्या, नाव आजच ऐकलं."

आणि मी म्हटलं. ह्या वेळी मामंजींचं नाही घेतलं, नुसतं ह्यांचं.