आत्याचा त्रस्त वाचक

माझी आत्या गेली अठ्ठावीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीत पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. मागच्या खोलीत आत्या त्या ठशात प्लास्टर ओतून साचा करते, त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवते आणि हिरड्यांत एकेक दात रोवते. तिच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या पाइपांवर उघडते. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर नंबर घातलेले साचे, दीड-दोनशे तोंडं, सगळी आ वासून. पेशंटचा चेहरा तिच्यापर्यंत सहसा येत नाही, नुसतं तोंड येतं. त्या तोंडावरून माणूस कसा असेल ते ती ओळखत बसते. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते, यानं बाटल्यांची झाकणं दातांनी उघडली आहेत.

हे सगळं ती आम्हाला जेवताना सांगायची. ती आमच्याच इमारतीत दोन मजले वर एकटी राहते, पण जेवायला खाली येते. शेवटी एका रविवारी आईनं हातातला डाव खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "वन्सं, ताट पुढ्यात असताना कवळी नको."

आत्या हिरमुसली. तोंड बंद ठेवणं हा तिचा स्वभावच नाही. मग मीच तिला सुचवलं की बोलायचं नसेल तर लिही, आणि त्याच संध्याकाळी तिला ब्लॉग उघडून दिला. नाव तिनं स्वतः ठेवलं: 'तोंडी परीक्षा'.

पहिला लेख तिनं एका गृहस्थावर लिहिला. नव्या कवळीतला समोरचा एक दात थोडा वाकडा बसवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मूळचा दात तसाच होता, आणि चाळीस वर्षं तो बघत आलेल्या बायकोला एकदम सरळ दातांचा नवरा घरात कसा चालेल, अशी त्यांना काळजी. आत्यानं दात चार वेळा काढून पाचव्यांदा हवा तितका वाकडा बसवला. मला लेख फार आवडला. पहिल्या आठवड्यात तो अकरा वेळा वाचला गेला. त्यातल्या सात वेळा मी वाचला होता आणि तीन वेळा आत्यानं, आकडा वाढला का बघायला. अकरावा कोण, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

बाबांनी वाचायला साफ नकार दिला. बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. जन्मभर एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधणं हीच नोकरी. निवृत्त झाले तरी खिशातलं लाल पेन निवृत्त झालं नाही. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा ते दुरुस्त करून मगच गोळी घेतात. जे छापलेलं नाही ते वाचण्यात अर्थ नाही, कारण त्यावर खुणा करता येत नाहीत, असं त्यांचं मत.

चार महिन्यांत आत्यानं सोळा लेख लिहिले. त्या सगळ्यांवर मिळून एकच प्रतिक्रिया आली: "खूप उपयुक्त माहिती. आपलेही केस गळतात का?" ती तेलाची जाहिरात होती. पण आत्या इतकी हरखली की तिनं खाली बारा ओळींचं उत्तर लिहिलं: केस शाबूत आहेत, आपला विषय दातांचा आहे, तरी विचारपूस केल्याबद्दल आभार. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. आठवडाभर ती 'आपले तेलवाले' काय म्हणतील याचा विचार करत होती.

मग एका दुपारी दवाखान्याखालच्या दोन दुकानदारांचं पायरीवरून भांडण जुंपलं. एक कुलपं विकतो, दुसरा चष्मे. रोज त्या दुकानांवरून न बघता जाणारी माणसं थांबली, पिशव्या खाली ठेवून उभी राहिली. आत्या आपल्या खिडकीतून पाइपांशिवाय काही दिसत नसल्यामुळे जिन्यात जाऊन उभी होती. भांडण संपलं, ती वर आली, हात धुतले, आणि आपल्याच शेवटच्या लेखाखाली प्रतिक्रिया लिहिली. तिथे नावाच्या चौकटीत कोणीही काहीही नाव टाकावं अशी सोय होती. तिनं टाकलं, 'त्रस्त वाचक'.

"बाई, दुसऱ्यांचे दात मोजता मोजता तुमची जीभ फार लांबली आहे. आणी हे लिखाण आहे की भूल न देता काढलेली दाढ?"

मुद्दाम तिनं 'आणि'ची वेलांटी दुसरी केली, कोणाला संशय नको म्हणून. मग स्वतःच्या नावानं त्याला सणसणीत उत्तर दिलं. त्यावर त्रस्त वाचकानं आणखी सणसणीत दिलं. दुसऱ्या दिवशी तिघे अनोळखी लोक मध्ये पडले, दोघे तिच्या बाजूनं, एक त्याच्या. महिन्याभरात वाचक तीनशेच्या वर गेले.

मला तिनं हे आनंदानं सांगितलं आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाई स्वतःशीच भांडत होती, कोणाचं काय बिघडत होतं?

बिघडलं ते असं, की बाबांच्या छापखान्यातल्या एका जुन्या मित्रानं त्यांना फोन करून सांगितलं, कोणी एक त्रस्त वाचक म्हणून आहे, काय लिहितो! बाबांनी त्याच दिवशी ब्लॉग पहिल्यापासून वाचून काढला. लेख भराभर, प्रतिक्रिया सावकाश. रविवारी जेवताना ते आत्याला म्हणाले, "हा माणूस कोण आहे मला ठाऊक नाही, पण तुला पुरता ओळखून आहे. वेलांट्यांत कच्चा आहे, बाकी तल्लख."

आत्यानं घास गिळला आणि माझं लिखाण कसं वाटलं म्हणून विचारलं.

"तुझं ठीक आहे," बाबा म्हणाले. "पण त्याच्या दोन ओळींत जो जोर असतो ना, तो तुझ्या दोन पानांत नाही."

तेव्हापासून आत्याच्या पोटात दुखायला लागलं. लेखाला तिचे चार दिवस जायचे, त्रस्त वाचकाला पाच मिनिटं. आणि लोक त्याच्यावरच खूश. तिनं एका म्हाताऱ्या बाईंवर लिहिलं. त्या बाईंनी कवळी फक्त एका फोटोसाठी करून घेतली होती. फोटो झाल्यावर ती डबीत ठेवली आणि पुन्हा कधी घातली नाही, कारण त्यांना बोळक्यानंच हसायला सोपं जात होतं. लिहिताना आत्याचे डोळे भरून आले होते. लेखाखाली नऊ प्रतिक्रिया आल्या आणि नऊही जणांनी एकच विचारलं होतं: त्रस्त वाचक आज कुठे आहेत?

"मी माझ्याच घरात सवत आणून ठेवली," आत्या मला म्हणाली.

तिनं त्याचा काटा काढायचं ठरवलं. आधी त्याला इतकं खवट लिहायला लावलं की लोकांना वीट यावा. लोक म्हणाले, आता खरा रंगात आला. मग उलट केलं, त्याच्याकडून स्वतःची तोंडभरून स्तुती करवली. वाचकांची खात्री पटली की त्याची तब्येत बिघडली आहे. एकानं चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला. तोच धागा पकडून आत्यानं त्याचा निरोप लिहिला: डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलं आहे, सगळ्यांचा लोभ असावा, बाईंचे दात असेच खणखणीत राहोत. त्यावर एकसष्ट लोकांनी हळहळ व्यक्त केली. सर्वांत लांबलचक हळहळ बाबांची होती, परिच्छेद पाडून.

त्या रविवारी आम्ही ताटांवर बसलो होतो आणि बाबा सहज सांगावं तसं म्हणाले की काल ते त्रस्त वाचकांना भेटून आले.

मी पाणी पीत होते, ते नाकात गेलं. आत्यानं मात्र पापणीही लववली नाही. तिनं विचारलं, "ओळखीचे आहेत का रे दादा?"

जुनी ओळख आहे, बाबा म्हणाले. छापखान्यात यायचे. हल्लीच समजलं की तेच हे. आत्यानं मग एकेक करून सगळं विचारून घेतलं. उंच आहेत का? उंच आहेत, थोडे वाकून चालतात. घरी कोण असतं? एकटेच, पण पुस्तकं भरपूर. आणि दात? बाबा क्षणभर अडखळले आणि म्हणाले, खालचे चार पडलेत. "तरीच शब्द चावून बोलत नाहीत," आत्या म्हणाली आणि आमटी वाढून घेतली. आईला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं. मी भांडी आवरायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला असता, पण ओढणी होती, तीच कोंबली.

आता दोघंही अडकले होते. तो माणूसच नाही असं आत्यानं सांगितलं असतं तर स्वतःची लबाडी उघडी पडली असती आणि भाऊ चारचौघांत खोटा ठरला असता. म्हणून तिनं त्यांची थाप चालू दिली, आणि बाबांना ती मागे घेता येईना.

पण त्रस्त वाचक गेला आणि ब्लॉगचा जीवच गेला. वाचक तीनशेवरून ऐंशीवर, ऐंशीवरून वीसवर आले. आत्यानं दोन लेख लिहिले, तिसरा अर्ध्यात सोडला. मी विचारलं तर म्हणाली, हात दुखतो. एवढं मेण कोरताना दुखत नव्हता. महिना गेला, दीड गेला. जेवताना ती नुसतीच जेवायची, आणि आईनंच एकदा विचारलं की काय वन्सं, हल्ली कोणाच्या कवळ्या येत नाहीत का.

एका मंगळवारी तिनं मला दवाखान्यात बोलावून घेतलं. प्लास्टरनं पांढरे झालेले हात तसेच ठेवून तिनं हनुवटीनं फोन दाखवला. शेवटच्या लेखाखाली त्रस्त वाचकाची नवी प्रतिक्रिया होती.

"तू लिहिलंस?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. तिनंही लिहिलेलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं:

"बाई, सहा आठवडे झाले; आपण गप्प आहात. आपल्या लेखनात चुका असतात, हे मी वारंवार म्हटले आहे; परंतु चुका काढण्यासाठीही माणसाने काहीतरी लिहिलेले असावे लागते. मला करमत नाही. — त्रस्त वाचक."

आत्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "अर्धविराम दोन. वेलांटी एकही चुकलेली नाही. आपल्या खानदानात अर्धविराम कोण वापरतं गं?"

ती हसली नाही. तिनं हात धुतले, खुर्ची ओढली आणि शेजारच्या रस्त्यावर गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरांवर लिहायला घेतलं. नव्या कवळीतून त्यांचा 'सा' शिट्टी वाजवायचा आणि शिष्यगण तोच खरा मानून शिट्टीसकट शिकत होते. लेख पुरा झाल्यावर तिनं तो पुन्हा वाचला आणि त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका पेरल्या.

तासाभरात त्रस्त वाचक हजर. त्यानं सहा चुका क्रमवार काढल्या. सातवी हुकली म्हणून आत्यानं त्याला लेखाखालीच डिवचलं. त्यानं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं की ती चूक नव्हेच, कोशात दोन्ही रूपं आहेत. तीन दिवस हा वाद चालला आणि जुने वाचक पिशव्या खाली ठेवून पुन्हा उभे राहिले. त्यातल्याच एका संध्याकाळी बाबा मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारत होते, एकाच इमारतीतून दोन माणसांनी लिहिलं तर समोरच्याला कळतं का. मी नाही म्हणाले.

हे असंच सुखानं चाललं असतं, पण आईला त्या माणसाची काळजी लागून राहिली होती. एकटा, आजारी, खालचे चार दात नाहीत. तिनं बाबांना सांगितलं की त्यांना जेवायला बोलवा. बाबा म्हणाले, ते कुठे जात-येत नाहीत. "बोलव की दादा," आत्या म्हणाली, "मी स्वतः वाढीन त्यांना." बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती भातावर लिंबू पिळत होती. येत नसतील तर डबा न्या, आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चावायला मऊ असं सगळं करून तीन पुडांचा डबा भरला.

बाबांना तो घेऊन जावंच लागलं. दर बुधवारी अकराला ते डबा घेऊन निघायचे आणि दीडच्या सुमारास रिकामा आणायचे. घरी येऊन पुन्हा जेवायचे, आईला संशय नको म्हणून. दोन महिन्यांत त्यांना पँटचं बटण सरकवून घ्यावं लागलं. त्रस्त वाचकांना काय आवडलं, काय तिखट झालं, याचा सगळा अहवाल ते देत असत आणि आई पुढच्या बुधवारी त्याप्रमाणे बदल करत असे.

एका बुधवारी माझी दाढ दुखत होती म्हणून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंकडे नंबर यायचा होता, म्हणून मागच्या खोलीत डोकावले. टेबलावरचे साचे एका बाजूला सरकवून मध्ये वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर आईच्या डब्याचे तिन्ही पुडे उघडे होते. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आत्या. बाबांच्या हातात लाल पेन होतं आणि आत्याच्या नव्या लेखाचा कागद. ती खात होती, ते खुणा करत होते.

मला बघून बाबा जरा चपापले. मग म्हणाले, "त्रस्त वाचकांना आज भूक नव्हती."

"म्हणून दादा इकडे घेऊन आला," आत्या म्हणाली. "बस, तुला मऊ भात चालेल. आईला सांग, मीठ बरोबर होतं असं ते म्हणाले."