मधुकरची सोनाटांची वही

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या स्टँडवर वाशीमच्या गाडीची वाट पाहत होतो. त्याची मुलगी प्रज्ञा बोलत होती. "काका, बाबा गेले," एवढंच. सात आठवडे झाले, पण माझा संताप काही उतरत नाही.

आम्ही एकाच शाळेत. मी मराठीचा, तो संगीताचा. नागपुरात शिकताना एका चर्चमध्ये तो पियानो शिकला, आणि एका जर्मन संगीतकाराच्या सोनाटांनी, म्हणजे एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या लांब रचनांनी, त्याला जे धरलं ते धरलंच. अनसिंगसारख्या खेड्यात त्याच्या घरी पियानो कुठला यायला! पाच सप्तकांचा कीबोर्ड होता. तो अपुरा पडायचा म्हणून डावीकडे सागाची फळी ठोकून त्यानं तिच्यावर पट्ट्या रंगवल्या होत्या. खालचे स्वर आले की त्याची बोटं फळीवर उतरायची आणि तो म्हणायचा, "आता मनात आयक." शाळेनं त्याच्याकडून काय वाजवून घेतलं? गॅदरिंगला सिनेमाची गाणी. फळीवरून तर स्टाफरूममध्ये किती हसले लोक... मीही हसलो.

या सोनाटा आपल्या माणसाला कळाव्यात म्हणून त्यानं दोनशे पानी वही लिहिली. सूर घरून निघतो, भांडतो, भटकतो आणि परततो तेव्हा तोच राहत नाही, असं सगळं सोप्या बोलीत. ती त्यानं आधी मला दिली. वाचून सांग, मग छापायचं बघू, म्हणाला. दोन वर्षं वही माझ्या कपाटात पडून होती. कुठवर आलं, असं तो विचारायचा. वाचून राह्यलो, भारी आहे, असं मी ठोकून द्यायचो.

शोकसभेत फळीला हसणारे एकेक उठले आणि त्याला जिल्ह्याचं भूषण म्हणाले. भूषण म्हणे! जिवंतपणी एकानंही त्याची एक सोनाटा धड बसून ऐकली नाही. माझं डोकं सणकलं. मग माझं नाव पुकारलं, आणि मी कोडग्यानं माइकवर सांगितलं की मधुकरची वही मी अथपासून इतिपर्यंत वाचली आहे. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर प्रज्ञानं विचारलं, "काका, त्यातलं तुमाले काय आवडलं?" तिला खरंच ऐकायचं होतं. मी तर वहीचं पानही उलटलं नव्हतं. उद्या सांगतो म्हटलं.

घरी येऊन वही उघडली. एका सोनाटेत सूर मध्येच थांबतो, तिथं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "वसंता, हा इथं काहून थांबते, मले नाही समजलं. तू कविता शिकवतं, तुले समजन. इथवर आला की घरी ये. तोवर मी छापाले देत नाही."

पान सतरावं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच पान उघडून वही प्रज्ञाच्या हातात दिली. तिनं वाचलं, पानाचा आकडा पाहिला. "म्हणजे बाबाले सुरुवातीपासूनच माहीत होतं," ती म्हणाली आणि वही घेऊन गेली. छापायचं आता ती बघणार आहे. मला तिनं काही विचारलेलं नाही.