हाताने धरलेला बेल्ट

आखातात ड्रायव्हर म्हणून गेलो तेव्हा आपल्याला गाडी चालवता येते असं माझं प्रामाणिक मत होतं. लोट्याच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणारी बस मी पाच वर्षं चालवली होती. रात्रपाळी करून आलेले कामगार पाठीमागे घोरताहेत, बाहेर धुकं दाटलंय आणि मी परशुरामचा घाट एका हाताने उतरतोय, हे माझं नेहमीचं. दुसऱ्या हातात बहुधा चहा असायचा. अशा माणसाला आणखी कोण काय शिकवणार, असा माझा रुबाब होता.

तिकडे पहिल्याच आठवड्यात कंपनीने आम्हा नव्या ड्रायव्हरांना एका थंडगार खोलीत बसवलं आणि दंडांची यादी हातात दिली. चांगली सहा पानं. सिग्नल तोडला तर दंड, मोबाईल हातात दिसला तर दंड, पायी चालणाऱ्याला वाट दिली नाही तर दंड, खिडकीतून केळ्याचं साल टाकलं तर दंड. गाडी धुतलेली नसेल तरीही दंड. हे वाचून आम्ही चौघे कोकणातले खिदळलो. आमच्याकडे गाडी फार चकचकीत दिसली तर लोक विचारतात, विकायला काढलीस काय. मग शिकवणाऱ्याने प्रश्न टाकला, की वळण आलं तर सगळ्यात आधी काय करायचं. आम्ही चौघांनी एका सुरात सांगितलं, हॉर्न मारायचा. त्याने शांतपणे वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्या देशात मी सात वर्षं काढली, पण हॉर्न मारावा असं वळण मला अजून सापडलेलं नाही.

महिनाभरात पहिला दंड आला तो सीट बेल्टचा. इथे आमच्याकडे बेल्ट कसा वापरतात ते सांगायला हवं. पुढे पोलीस उभा दिसला की बेल्ट ओढून छातीवर घ्यायचा, त्याचं टोक मांडीजवळ मुठीत धरायचं आणि चेहरा जमेल तितका सालस करायचा. पोलीस मागे पडला की बेल्ट सोडून द्यायचा. खटक्यात अडकवायचा नाही, कारण अडकवला तर परत काढावा लागतो. तिकडेही मी हेच केलं. कॅमेऱ्याचा खांब लांबून दिसला की बेल्ट मुठीत. कॅमेरा वरून खाली बघतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. कंपनीच्या ऑफिसात मला फोटो दाखवला, त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या मुठीत बेल्टचं टोक आणि तोंडावर शाळेतल्या बक्षीस समारंभाचा भाव. तिथल्या कारकुनाने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, की खटका चार बोटांवर असताना तू हे धरून का बसला होतास. मी दंडाच्या कागदावर सही केली.

त्यानंतर मी सुधारलो. शहाणपणाने नाही, भीतीने सुधारलो. पण भीतीसुद्धा रोजच्या रोज घेतली की अंगी लागते. रिकाम्या रस्त्यावर झेब्रा पट्ट्यांपाशी माझा पाय आपोआप ब्रेकवर जाऊ लागला. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवू लागलो. मागे बसलेल्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा मालकाचा नियम मी मालकालाच ऐकवू लागलो. कंपनीने एकदा मला चांगल्या चालकाचं प्रशस्तिपत्रही दिलं. ते मी घरी पाठवलं, आईने ते देव्हाऱ्याशेजारी लावलं.

मुलगी झाली तेव्हा मी तिकडेच होतो. तिच्या सहा वर्षांत मी घरी आलो दोनदा, आणि दोन्ही वेळा ती माझ्याशी ओळख करून घेईपर्यंत रजा संपली. गेल्या मे महिन्यात तिसऱ्यांदा आलो, महिनाभरासाठी. या वेळी मी ठरवून आलो होतो की जाईपर्यंत पोर आपल्या अंगाखांद्यावर खेळायला हवी. विमानात सामानाचं वजन मोजून मिळतं. लोक त्यात अत्तरं, चॉकलेटं, ब्लँकेटं आणतात. मी गाडीत लहान मुलांना बसवायची खास खुर्ची आणली. शेजारच्या काकूंनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि आईला म्हणाल्या, "एवढ्या लांबून काय आणलान, तर खुर्ची." तीन दिवस ती खुर्ची पडवीत होती. आईने तीवर फणसाच्या सोललेल्या आठळ्या वाळत घातलेलं सूप ठेवलं, धाकट्या भावाचा मित्र तीत बसून मोबाईल बघत राहिला, आणि उरलेला वेळ ती मांजरीकडे होती.

रस्त्यावरही माझी शोभाच झाली. मारुती मंदिरच्या चौकात झेब्रा पट्ट्यांपाशी मी गाडी थांबवली. माशांची पाटी घेतलेली एक बाई कडेला उभी होती. ती जाईना, मी हलेना. माझ्या मागे बारा गाड्या बोंबलत होत्या. मी हाताने खूण केली, या, जा. ती आणखी दोन पावलं मागे सरकली आणि शेवटी तिथूनच म्हणाली, "गाडी बंद पडली काय रे बाबा? ढकलूया काय?" तिची काही चूक नव्हती. तिच्यासाठी कोणी थांबलं असेल, असं तिच्या आयुष्यात घडलेलंच नव्हतं. शेजारच्या सीटवर भाऊ हसून हसून आडवा झाला, आणि हा किस्सा संध्याकाळपर्यंत आमच्या वाडीत सगळ्यांना पाठ होता.

पोरीला मात्र काका हवा असायचा. काका तिला स्कूटरवर पुढे उभी करतो. ती दोन्ही आरसे धरते, वाऱ्यावर केस सोडते आणि प्रत्येक कुत्र्याला हॉर्न मारते. माझ्याबरोबर यायचं तर मागे बसायचं, डोक्याला हेल्मेट, कमरेला माझ्या पट्ट्याची बांधणी. एकदाच आली. परत आल्यावर हेल्मेट काढून बायकोच्या हातात दिलं आणि सांगितलं, "यांच्याबरोबर नको. काका बरा आहे." काकाला ती अरे-तुरे करायची, मी 'तुम्ही' होतो, पाहुणा होतो. मी हसून सोडून दिल्यासारखं दाखवलं. आत फार लागलं. तिकडे सात वर्षं मी लोकांची जी मुलं बेल्ट लावून शाळेत पोचवली, ती तरी मला रोज हात हलवून टाटा करायची.

रजेचे शेवटचे दहा दिवस राहिले तेव्हा संगमेश्वरला मेव्हणीच्या साखरपुड्याला निघालो. गाडी मी चालवली तर साखरपुडा चुकून थेट लग्नालाच पोचू, असं आईचं म्हणणं पडलं, म्हणून स्टिअरिंगवर भाऊ बसला. मी त्याच्या शेजारी. मागे आई, बायको आणि मध्ये माझ्या हट्टाने बसवलेली ती खुर्ची. पोरीला तीत अडकवली आणि तिने जो सूर लावला, तो हातखंब्यापर्यंत. बायको खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तीही माझ्या बाजूने नव्हती. आई म्हणाली, "गुरासारखी बांधून काय घातलंस तिला? आम्ही तुला मांडीवर घेऊन मंडणगडला जात होतो, तू मेलास काय?" भावाने आरशातून पोरीकडे बघत सांगितलं, की दादा, हे सगळं तिकडे ठीक आहे, इथे रस्ताच नाही तर अपघात कशाला होतोय. समोर खरोखरच रस्ता नव्हता. मी नोकरीला लागलो तेव्हापासून हा हायवे रुंद होतोय, आणि वळसा घ्या सांगणाऱ्या पाट्या आता झाडांसारख्या रुजल्या आहेत. पण खड्ड्यांच्या मधल्या सपाट तुकड्यांवर भाऊ नव्वदने पळवत होता, ते काही त्याच्या हिशेबात धरलेलं नव्हतं. मी चारदा म्हणालो, हळू. चौथ्यांदा त्याने रेडिओ मोठा केला.

निवळीला चहा-वड्यासाठी थांबलो. परत निघताना मी माझ्या सीटवर बसून बेल्ट लावला आणि दार ओढणार, तेवढ्यात पोर दारात येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले, हनुवटीला वड्याची चटणी. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. या रजेत पहिल्यांदा, आपणहून.

"पप्पा," ती म्हणाली, "मी तुझ्या मांडीवर बसू?"

वर्गात आम्हाला एक फिल्म दाखवली होती. पुढच्या सीटवर माणूस बसलेला, त्याच्या मांडीवर बाळाएवढी बाहुली, आणि गाडी भिंतीवर आदळते. बाहुलीचं पुढे काय होतं ते मला नीट माहीत आहे. त्यावर परीक्षेत प्रश्न होता आणि मला पैकीच्या पैकी मार्क होते. मी दोन क्षण थांबलो असेन, जास्त नाही. मग तिला उचलून मांडीवर घेतली. खुर्चीत आहेराच्या साड्यांची पिशवी ठेवायला निघालेल्या आईला म्हटलं, राहू दे, ती इकडे पायाशी दे, ब्रेक लागला तर कोणाच्या अंगावर पडायला नको. मागून आईचं समाधानाचं हं ऐकू आलं. भाऊ शीळ घालू लागला.

तो अर्धा तास मला जन्मभर पुरेल. तिने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून आपल्या दंडात घातलं. तिकडे उंट रस्त्यावर येतात का, आले तर त्यांनाही दंड होतो का, असं विचारलं. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते आणि मी एका हाताने तिला पोटाशी धरून होतो. कोणी त्या वेळी मला विचारलं असतं, तर तिकडचे सगळे नियम एखाद्या निपुत्रिक माणसाने केलेत, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

बावनदीचा पूल मागे पडला आणि समोरून येणाऱ्या ट्रकने दोनदा लाइट मारला. आमच्या हायवेवर ही एक माणुसकीची रीत आहे. पुढे पोलीस आहे, सांभाळा, असं अनोळखी माणूस अनोळखी माणसाला कळवतो. भावाचा हात बेल्टकडे गेला. पण त्याच्या आधी माझी पोर हलली. कोणी तिला काही सांगितलं नव्हतं. ती माझ्या मांडीवरून सरकली, पायांशी खाली उतरली, गुडघे पोटाशी घेऊन डॅशबोर्डखाली बसली आणि ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे वर बघू लागली. किती वेळा केलं असेल तेव्हा इतकं सफाईने जमलं असेल. मागे आई कौतुकाने म्हणाली, "बघ, काकाने कशी तयार केलान."

पोलिसाने हात केला. भावाने गाडी कडेला घेतली, बेल्टचं टोक मुठीत आणि चेहरा सालस. मी साड्यांची पिशवी उचलून गुडघ्यांवर घेतली, जरा पुढे ओढली. पोलीस भावाच्या बाजूने वाकला. त्याने ती मूठ पाहिली आणि कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, की सोडा आता, दिसलं मला. मग मशीन काढलं, नंबराचा फोटो घेतला. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा बेल्ट खांद्यावरून, छातीवरून, खटक्यात पक्का.

"तुम्ही बाहेर असता काय हो?" त्याने विचारलं.

मी देशाचं नाव सांगितलं.

"वाटलंच." तो भावाकडे वळला. "यांच्याकडून शिका जरा. यांना सांगावं लागत नाही."

पायाशी पोरीला हसू आवरेनासं झालं होतं, तिचा खांदा माझ्या नडगीला लागून हलत होता. मी थँक्यू साहेब म्हणालो, आणि पिशवीखाली हात घालून तिचं डोकं आणखी थोडं खाली दाबलं.